पाटी नसलेली खाणावळ

खाणावळ म्हटली की तिला दारावर पाटी आली, आत पाट किंवा बाके आली, पाण्याचे तांबे आले आणि आतल्या खोलीतून येणारा फोडणीचा वास आला. निदान आमच्या पिढीची कल्पना ती. परंतु गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या शहरांतून अशा खाणावळी निघाल्या आहेत की, ज्यांना यांपैकी काहीएक नाही. रस्त्याने जाणाऱ्यास त्या दिसत नाहीत. त्यांच्या दारात जाऊन कोणी जेवत नाही. हातातल्या फोनवर त्यांचे नाव आणि पदार्थांची चित्रे उमटतात. बोटाने निवड करावी, पैसे भरावेत, आणि अर्ध्या-पाऊण तासात पाठीवर पेटी घेतलेला एखादा तरुण दुचाकीवरून येऊन गरम पुडके हातात ठेवतो. अन्न शिजले कोठे आणि शिजविले कोणी, हे घेणारास ठाऊक नसते; बहुधा तो विचारीतही नाही. याहून नवलाची गोष्ट अशी की, एकाच भटारखान्यातून पाच-दहा निरनिराळ्या नावांनी जेवण बाहेर पडू शकते. एका नावाने बिर्याणी, दुसऱ्या नावाने पोळीत गुंडाळलेली भाजी, तिसऱ्या नावाने मिठाई. नावे अनेक, पण चूल एकच! अशा स्वयंपाकघरास कोणी 'क्लाउड किचन' म्हणतात, म्हणजे ढगातले स्वयंपाकघर. कोणी 'घोस्ट किचन' म्हणतात, म्हणजे भुताचे.

हा सर्व प्रकार अगदी नवा, परदेशातून उडून आलेला, असा पुष्कळांचा समज आहे. मला तसे वाटत नाही. शिजलेले अन्न विकत घेण्याचा, ते दुसऱ्याच्या हातून घरी किंवा कचेरीत आणविण्याचा आणि मोठ्या नावाच्या भरवशावर ते खाण्याचा आपल्या महाराष्ट्रात सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास नीट पाहिला म्हणजे नव्या प्रकारात नवे काय आणि जुने काय हे उमगते. आणि कोणत्या गोष्टीची काळजी करावी व कोणत्या गोष्टीची करू नये, हेही ध्यानात येते. आज मी तुमच्यापुढे एकच प्रश्न धरणार आहे: आपल्या पुढ्यातल्या अन्नामागे उभा कोण?

आरंभ आमच्या जिल्ह्यापासूनच करतो. आपल्याकडे शिजलेले अन्न विकणे हे पूर्वी फारसे प्रतिष्ठेचे मानीत नसत. प्रवासी निघाला की शिदोरी बांधून निघे. दशम्या, भाकरी, कोरडी चटणी यांवर दोन-तीन मुक्काम निघत. पण क्षेत्राच्या ठिकाणी मनुष्य चार दिवस राहावयाचा, तेथे शिदोरी कशी पुरणार? तुळजापुरास भवानीच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंची सोय पूर्वापार पुजाऱ्यांच्या घरी होत आली आहे. अमुक घराण्याने अमुक पुजाऱ्याकडे उतरावयाचे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. देवीचा नैवेद्य त्याच घरात शिजावयाचा आणि पाहुण्याने तेथेच प्रसाद घ्यावयाचा. दक्षिणा दिली जाई, म्हणजे एका अर्थी पैशाचा संबंध होताच. परंतु स्वयंपाक करणारी माणसे डोळ्यांसमोर असत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात यावयाचे असे. अन्न बिघडले तर सांगावयाचे कोणास, हा प्रश्न तेथे उद्भवतच नसे.

हा प्रश्न प्रथम उभा राहिला तो मुंबईत, आणि तो उभा केला गिरणीच्या भोंग्याने. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी स्थापिली व १८५६ साली ताडदेव येथे त्यांची गिरणी चालू झाली. पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सारा टापू गिरण्यांनी भरून गेला. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर आणि घाटावरच्या इतर मुलखांतून माणसे कामास आली; ती बहुधा एकटी आली. बायकामुले गावी शेताशी राहिली. एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा गडी पाळीपाळीने झोपत. त्यांना चूल मांडावयास जागा नव्हती आणि वेळही नव्हता. यांतून गिरणगावची खाणावळ जन्मास आली.

ही खाणावळ म्हणजे चाळीतली एक खोली, एक चूल आणि एक बाई. पुष्कळदा ती विधवा असे, किंवा तिच्या नवऱ्याचे काम सुटलेले असे. दहा-वीस गडी तिच्याकडे महिन्याच्या बोलीने दोन वेळा जेवत आणि पगार झाला की हिशेब चुकता करीत. तोपर्यंत पीठ, मीठ, तेल, जळण उधारीने आणावयाचे. वाण्याचे आणि सावकाराचे व्याज ज्याच्या त्याच्या मर्जीप्रमाणे. भोंगा पहाटे होई, म्हणून तिचा दिवस त्याच्याही आधी सुरू होई. या बाईच्या खोलीवर पाटी नव्हती. वर्तमानपत्रात तिची जाहिरात कधी आली नाही. पण तिच्याकडे जेवणारा प्रत्येक गडी तिला मावशी किंवा ताई या नात्याने ओळखीत होता, आणि आमटीत मीठ जास्त पडले तर तोंडावर सांगू शकत होता. तीही, पैसे थकले तर, त्याच्या तोंडावर मागू शकत होती. त्या खाणावळीत पाटीची उणीव या ओळखीनेच भरून काढली होती, एवढे येथे ध्यानात ठेवावे.

आता या बायांचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. कारण अन्नाचा इतिहास लिहिताना खाणाराचीच बाजू लिहिण्याची वाईट खोड आपल्याला आहे. गिरणीत संप झाला की गड्यांचा पगार थांबे. पगार थांबला की खाणावळीचे पैसे थांबत. परंतु पोटे थांबत नसत. १९७४ साली मुंबईत गिरणीकामगारांचा दीर्घ संप झाला, तेव्हा या बायांनी अंगावरचे किडूकमिडूक मोडून कामगारांना जेवू घातले आणि स्वतः कर्जात बुडाल्या. गोव्याच्या मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या व पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी ही स्थिती जवळून पाहिली. त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. लहान माणसाला कर्ज द्यावे असे सरकारचे धोरण होते. पण खाणावळवाल्या बाईजवळ तारण काय ठेवणार? प्रेमाताईंनी बायांचे गट केले, एकीस दुसरी जामीन केली आणि पहिल्या चौदा बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्या चौदांच्या पुढे हजारो झाल्या. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली. माझ्या मते या सर्व खटपटीचे मोल कर्जाच्या रकमेहून अधिक आहे. जी बाई चाळीतल्या खोलीत सर्वांच्या परिचयाची, पण सरकारच्या नि बँकेच्या दप्तरी कोणीच नव्हती, तिचे नाव प्रथमच एका कागदावर लिहिले गेले.

हे झाले जेवणाराने चुलीकडे जाण्याविषयी. चूल एकीकडे आणि जेवणारा दुसरीकडे, मधे वाहणारा तिसराच, ही व्यवस्थाही मुंबईचीच. आणि तिलाही सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. महादू हावजी बच्चे या गृहस्थांनी १८९० साली जेवणाचे डबे पोहोचविण्याचे काम सुरू केले असे सांगतात. कचेऱ्या कोटात, घरे दूर गिरगाव-दादरकडे. सकाळी घाईने निघणाऱ्या नोकरमाणसाला गरम जेवण मिळणे कठीण. शिवाय त्या वेळच्या मुंबईत प्रत्येकाचे सोवळे-ओवळे, प्रत्येक जातीची आणि प्रांताची चव निराळी. एकाचे अन्न दुसऱ्याला चालावयाचे नाही. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेल्या माणसांनी ही अडचण खांद्यावर, अथवा डोक्यावर म्हणा, उचलली. सकाळी घरोघर डबे गोळा करावयाचे, स्टेशनात ते वाटून घ्यावयाचे, लोकलने न्यावयाचे, उतरल्यावर पुन्हा वाटणी करावयाची आणि दुपारी साडेबारा-एकच्या आत ज्याचा त्याला द्यावयाचा; मग रिकामा डबा त्याच वाटेने परत. डबा कोणत्या भागातून निघाला, कोणत्या स्टेशनवर उतरावयाचा, कोणत्या इमारतीत व कितव्या मजल्यावर जावयाचा, हे सर्व झाकणावरच्या रंगीत खुणांनी आणि आकड्यांनी दाखविले जाई. एक डबा अनेक हातांतून जाई, आणि तरी चुकत नसे. १९५६ साली 'नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स' या नावाने या मंडळींचा धर्मादाय विश्वस्त निधी स्थापन झाला. पुढे हे काम इतके नावाजले गेले की, २००३ साली ब्रिटनचे राजपुत्र चार्ल्स चर्चगेट स्टेशनाजवळ त्यांना भेटावयास आले. रोज सुमारे पाच हजार माणसे दोन लाखांच्या आसपास डबे पोहोचवीत, असे त्या भरभराटीच्या काळात सांगितले जाई.

आता या डब्याच्या झाकणाकडे जरा निरखून पाहा. त्यावर गावाची, इमारतीची, मजल्याची खूण आहे. पण स्वयंपाक करणारीचे नाव नाही. ते नसावयाचे कारण उघड आहे. डबा उघडणाराला ते नाव सांगावे लागत नव्हते. ती त्याची आई होती, नाहीतर पत्नी होती, नाहीतर महिन्याच्या बोलीवर डबा देणारी ओळखीची खाणावळवाली होती. अनोळखी होता तो केवळ वाहणारा. आणि त्याच्यासाठी खुणा होत्या, मुकादम होता, मंडळ होते. म्हणजे येथे जेवण लांबून येत होते खरे, पण त्याच्यामागचे माणूस जवळचे होते. आजच्या व्यवस्थेत नेमके उलट झाले आहे. आज जेवण घेऊन येणाऱ्या तरुणाचे नाव फोनवर दिसते, तो कोणत्या वळणावर आला हेही नकाशावर दिसते. दिसत नाही तो स्वयंपाकी.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली, ती म्हणजे पाटीवर माणसाचे नाव येऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी दादरला मामा काणे यांनी आपल्या नावाने उपाहारगृह चालविले. गिरगावात बेडेकरांचे मसाले व लोणची नावारूपास आली. भिलवडीस १९३९ साली भास्कर गणेश चितळे यांनी दुधाचा धंदा सुरू केला आणि त्यांचे नाव पुढे पुण्याच्या दुकानावर झळकले. ही नावे मोठी झाली. पण ती होती गल्ल्यावर बसणाऱ्या अथवा भट्टीजवळ उभ्या राहणाऱ्या माणसांची. चिवडा खवट निघाला तर गिऱ्हाईक तडक दुकानात जाई आणि नाव असलेल्या माणसाला किंवा त्याच्या मुलाला जाब विचारी. आमच्या शिक्षकी पेशात प्रगतिपुस्तकावर सही करावी लागते, तशीच ती नावे होती. सही करणारा वर्गात सापडत असे.

त्यानंतर नावाने एक नवीच वाट धरली. स्वयंपाकाखेरीज दुसऱ्याच कामात कीर्ती मिळविलेल्या माणसाचे नाव अन्नावर येऊ लागले. २००२ हे साल या दृष्टीने मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या एकाच वर्षी मुंबईत कुलाब्याला 'तेंडुलकर्स' हे उपाहारगृह उघडले आणि दुबईत 'आशाज' उघडले. पहिले सचिन तेंडुलकर यांच्या नावाचे. ते एका अनुभवी हॉटेलवाल्याच्या भागीदारीत निघाले आणि काही वर्षांनी बंद झाले. दुसरे आशा भोसले यांच्या नावाचे. त्याच्या शाखा पुढे इतर देशांतही निघाल्या. दोन्ही नावे आपल्याला प्रिय. परंतु इतिहास सांगणाराने त्यांतील भेदही सांगितला पाहिजे. आशाताईंना स्वतःला स्वयंपाकाची मनापासून आवड, आणि त्यांच्या हातच्या पदार्थांची ख्याती चित्रपटसृष्टीत आधीपासून होती. तेथे नावाचा आणि पातेल्याचा काहीतरी संबंध होता. क्रिकेटपटूच्या नावाचा आणि पातेल्याचा संबंध असा जुळत नाही. चेंडू सीमापार धाडणाऱ्या मनगटाने आमटीला चव येते असे कोणी म्हणणार नाही. तथापि तेथेही एक गोष्ट शिल्लक होती. कुलाब्याला इमारत होती, दार होते, आत टेबले होती. आवडले नाही तर पुन्हा त्या दारात पाऊल न टाकण्याची मुभा होती, आणि पाऊल न टाकणाऱ्यांची संख्या वाढली की मालकाला ती रिकाम्या खुर्च्यांवरून कळत होती.

आता आपण पाटी नसलेल्या खाणावळीकडे येऊ. तिची आपल्याकडची गाजलेली कथा पुण्यातच सुरू होते. जयदीप बर्मन आणि कल्लोल बॅनर्जी या दोघा बंगाली तरुणांनी २००४ साली पुण्यात 'फासोस' नावाचे दुकान काढले. कलकत्त्याला पोळीत कबाब गुंडाळून देण्याची जी रीत आहे, तिची चव पुणेकरांना द्यावी असा त्यांचा उद्देश. दुकाने वाढली, पण मोक्याच्या जागेचे भाडे हा शहरातल्या प्रत्येक हॉटेलवाल्याच्या गळ्यातला धोंडा असतो. त्यांच्या ध्यानात आले की, गिऱ्हाईक दुकानात येण्याऐवजी घरीच मागवू लागले आहे. मग मोक्याच्या जागेचा खर्च कशाला? २०१५ च्या सुमारास त्यांनी दर्शनी दुकाने सोडून गल्लीबोळातल्या भटारखान्यांची वाट धरली. पुढची पायरी तर्काला धरूनच होती. चूल आहे, आचारी आहेत, दिवसाचे काही तास ते मोकळे आहेत. तेव्हा त्याच चुलीवर दुसऱ्या नावाने दुसरा पदार्थ का करू नये? असे करता करता एकेका भटारखान्यातून अनेक नावे चालू लागली आणि त्या सर्वांची मिळून 'रिबेल फूड्स' नावाची कंपनी झाली. अमेरिकेतल्या सट्टेबाजांपासून आपल्या बाजारापर्यंत सर्वत्र नव्या कंपन्यांचे मोल डॉलरांत मोजतात. २०२१ साली या कंपनीचे मोल एक अब्ज डॉलरांच्या पलीकडे गेले. ज्यांच्यामुळे हे शक्य झाले त्या निरोप्या कंपन्याही याच काळातल्या. दिल्लीकडे २००८ साली 'फूडीबे' या नावाने उपाहारगृहांची यादी देणारी जी संस्था निघाली ती पुढे 'झोमॅटो' झाली; बंगळुरात २०१४ साली 'स्विगी' निघाली.

येथवर मला आक्षेप घेण्यासारखे काही दिसत नाही. भाडे वाचविणे हा गुन्हा नव्हे. आपली गिरणगावची खाणावळही पाटीवाचूनच चालत होती. माझी तक्रार आहे ती इतिहासाचा जुना शिक्षक म्हणून. या भटारखान्यांतून निघालेल्या एका बिर्याणीचे नाव 'बेहरूझ'. ती २०१६ साली बाजारात आली. तिच्या जाहिरातींतून अशी कथा सांगण्यात आली की, दोन हजार वर्षांपूर्वी बेहरूझ नावाचे एक वैभवशाली राज्य होते, त्याच्या राजवाड्यात ही बिर्याणी शिजत असे, आणि युद्धात नष्ट झालेली तिची कृती आता पुन्हा हाती लागली आहे. कथा रसाळ आहे. पण या राज्याची नाणी नाहीत, शिलालेख नाहीत, आणि नकाशावर त्याला जागा नाही. बिर्याणीला तिखटपणा देणारी मिरची अमेरिका खंडातली. ती हिंदुस्थानात आली पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे १४९८ नंतर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोणत्याही राजाच्या ताटात ती असणे शक्य नाही. मालाची स्तुती व्यापाऱ्याने करावी, त्याला कोणाची ना नाही. परंतु येथे स्वयंपाकी दिसत नाही, चूल दिसत नाही, दुकान दिसत नाही. त्या रिकाम्या जागी एक बनावट इतिहास आणून बसविला आहे. माणसाची ओळख नाहीशी झाली की तिच्या जागी काहीतरी ठेवावेच लागते, याचा हा पुरावा आहे. कोठे ती जागा कथेने भरतात, कोठे कीर्तिमंताच्या नावाने.

कीर्तिमंताच्या नावाने ती भरली म्हणजे काय होते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेत घडले. तेथे जिमी डोनाल्डसन नावाचा एक तरुण इंटरनेटवरील चित्रफितींमुळे 'मिस्टरबीस्ट' या नावाने कोट्यवधी लोकांना ठाऊक आहे. त्याच्या नावाचे बर्गर २०२० च्या डिसेंबरात एकाच वेळी सुमारे तीनशे ठिकाणांहून मिळू लागले. एका रात्रीत तीनशे दुकाने कशी निघाली? ती निघालीच नव्हती. निरनिराळ्या गावांतील आधीच चालू असलेल्या उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरांशी करार करून, त्यांच्याच आचाऱ्यांकडून या नावाने पाव-खिम्याचा हा प्रकार करून घेतला जात होता. मध्ये ही जुळवाजुळव करणारी एक कंपनी होती. नाव एकाचे, सौदा दुसऱ्याचा, हात तिसऱ्याचे! कोठे जेवण चांगले निघे, कोठे कच्चे निघे असे गिऱ्हाइके म्हणू लागली. अखेर २०२३ साली डोनाल्डसननेच त्या कंपनीवर दावा लावला की, या अन्नाने माझ्या नावाला बट्टा लागला. आणि कंपनीने उलट त्याच्यावर दहा कोटी डॉलरांचा दावा लावला. कोण खरा, कोण खोटा, याचा निवाडा करण्याचे आपल्याला कारण नाही. आपल्याला घ्यावयाचा बोध इतकाच की, ज्याच्या नावावर विश्वास ठेवून लोकांनी अन्न मागविले, तोच न्यायालयात उभा राहून सांगत होता की त्या अन्नावर माझी सत्ता चालत नाही. त्याच वर्षी 'उबर ईट्स' या निरोप्या कंपनीने अमेरिकेत एकाच स्वयंपाकघरातून तेच ते पदार्थ वेगवेगळ्या नावांनी विकणारी हजारो नावे आपल्या यादीतून काढून टाकली. हेतू असा की, दहा नावे पाहून गिऱ्हाइकाला आपण दहा दुकानांतून निवड करीत आहोत असे वाटते. वस्तुतः निवड काहीच नसते.

श्रोतेहो, मी जुन्याचा आंधळा अभिमानी नाही. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीने सारे व्यवहार थांबले, तेव्हा मुंबईचे डबेवालेही थांबले. पुष्कळजण आपापल्या गावी परतले आणि कित्येकांना पूर्वीचे काम पुन्हा मिळाले नाही. त्याच काळात, अन्न दारात आणून देणाऱ्या तरुणांमुळे शहरांतील किती आजारी आणि एकट्या माणसांना घास मिळाला, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. शिवाय, घरच्या घरी चार माणसांचा अधिक स्वयंपाक करून संसाराला हातभार लावू पाहणाऱ्या बाईला ही वाट मोलाची आहे. तिला भाड्याचे दुकान नको, फर्निचर नको. गिरणगावातल्या मावशीला जे जन्मभर साधले नाही, ते, म्हणजे चाळीबाहेरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचणे, तिच्या नातीला फोनच्या साहाय्याने साधू शकते. परंतु ती तेथे स्वतःच्या नावाने उभी राहणार की दुसऱ्याच्या भाड्याच्या नावाखाली झाकली जाणार, यावर सर्व अवलंबून आहे. १९७५ साली ज्या बाईचे नाव कागदावर यावे म्हणून एवढी खटपट झाली, ते नाव आता पुन्हा पुसले जाऊ नये.

आता शेवटी पुन्हा आमच्या जिल्ह्यात येतो. कारण नाव आणि अन्न यांचा खरा संबंध कसा असावा, याची उदाहरणे मला येथेच सापडतात. भूम तालुक्यात कुंथलगिरी हे जैनांचे प्रसिद्ध सिद्धक्षेत्र आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तेथेच सल्लेखना घेऊन देह ठेवला. यात्रेकरूंच्या तोंडी क्षेत्राच्या नावाबरोबर दुसरेही एक नाव असते, ते तेथील पेढ्याचे. हा भाग अवर्षणाचा. शेतीचा भरवसा थोडा, म्हणून घरोघर दुभती जनावरे. आणि दूध लांबच्या शहरास जाईपर्यंत नासावयाचे, म्हणून गावोगाव भट्ट्या लावून ते आटवावयाचे. खव्याचा धंदा असा गरजेतून वाढला. या 'कुंथलगिरी खव्या'ला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. याचा अर्थ असा की, ते नाव आता कोणालाही, कोठेही, कशावरही चिकटविता येणार नाही. त्या नावामागे ठरावीक मुलूख आणि ठरावीक रीत असली पाहिजे. दुसरे उदाहरण आमच्या शेळीचे. २०२३ साली आमच्या जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव जाऊन धाराशिव हे नाव अधिकृत झाले. पण काळ्याभोर, लांब कानांच्या, कोरडवाहू रानात तगणाऱ्या या शेळीला जाणकार अजून 'उस्मानाबादी' म्हणूनच ओळखतात. पाटी बदलली तरी ओळख टिकली, कारण ती ओळख जनावराच्या गुणावर आधारलेली होती.

आणि दोन हजार वर्षांचीच गोष्ट हवी असेल, तर तीही आमच्याकडे आहे, आणि खरी आहे. धाराशिवपासून थोड्या अंतरावर तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकरी त्यास वंदन करतात. याच गावाचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक बोलणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची जी माहिती लिहून ठेविली, तीत तगरचे नाव आहे. तेथून गाड्यांवर लादलेले कापड भडोच बंदराला येते असे तो सांगतो. रोमच्या बाजारात ते कापड घेणाऱ्याने तेर कधी पाहिले नसेल, विणणाराचे तोंड तर मुळीच पाहिले नसेल. पण कापडामागे गाव होते, आणि तेथे उकरले असता आजही त्या काळची भांडी, मणी, मूर्ती हाती लागतात. तेरच्या वस्तुसंग्रहालयात त्या कोणालाही पाहता येतात. बेहरूझचे राज्य मात्र कोठे उकरावे?

तेव्हा दूर अंतराची भीती बाळगण्याचे कारण नाही. माल दोन हजार वर्षांपूर्वीही दुरूनच येत होता आणि मुंबईचा डबा तीस-तीस मैलांवरून येत होता. नावाचीही भीती नको. भीती असावी ती पत्ता नसलेल्या नावाची. सुदैवाने तो पत्ता विचारण्याचे साधन आता आपल्या हाती आहे. २००६ सालच्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे शिजलेले अन्न विकणाऱ्या प्रत्येकास परवाना अथवा नोंदणी घ्यावी लागते. तिचा चौदा आकडी क्रमांक असतो, आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणे सक्तीचे झाले आहे. घरोघरी अन्न मागविणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनी एवढी एक सवय लावून घ्यावी: पुडके उघडण्यापूर्वी बिल पाहावे, क्रमांक पाहावा, आणि स्वयंपाकघराचा पत्ता दिला आहे की नाही ते पाहावे. नसेल तर विचारावा. विचारणारे थोडे असतील तोवर कोणी लक्ष देणार नाही. पुष्कळ झाले की देतील. बाजार हा पूर्वीपासून गिऱ्हाइकाच्या प्रश्नांनीच शहाणा होत आला आहे.

आणि घरातल्या मुलांना, पुडके घेऊन आलेल्या तरुणाला पाणी विचारावयास शिकवावे. त्याचबरोबर, 'हे शिजविले कोणी असेल?' हा प्रश्नही त्यांच्यापुढे टाकावा. गिरणगावातल्या त्या खोलीत बसून जेवणाऱ्या अडाणी गड्याला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते. आपल्याला ते ठाऊक नसावे, ही आपल्या शिक्षणाला शोभणारी गोष्ट नव्हे.